सुकटीची सुशी आणि बांधवाडीचे कावळे

बांधवाडी, तालुका उरण
रविवार. (तिथीही लिहिली असती, पण सगळं तिथीमुळेच झालं, ते पुढे येईलच.)

तीर्थरूप केसरमावशी,

निकेतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (लांबून ठेवलंय, त्यामुळे पाय मागे घेता येणार नाहीत.) इथे मी खुशाल आहे. हा शब्द पत्रात घालायचा असतो म्हणून घातलेला नाही, कालपासून मी तो मधूनमधून मोठ्याने म्हणून बघतोय. तुझा उजवा गुडघा अजून वाजतो का? बल्लाळेश्वराला गर्दी कशी आहे? तुझ्या खानावळीतल्या मोठ्या मिक्सरला चालू करायच्या आधी एक चापट द्यावी लागते, ती आता कोण देतं? खरं तर फोनच केला असता, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला तोडतेस आणि ही हकीकत दोन वाक्यांत मावणारी नाही. कागदाला मधे बोलता येत नाही. पालीकडे जाणाऱ्या गाडीचा एक कंडक्टर ओळखीचा झालाय, त्याच्या हाती देतोय. त्याला एक कप चहा दे. तो दोन मागेल.

तुझा जीव टांगणीला नको म्हणून शेवट आधीच सांगून टाकतो: वर्ग बंद पडलेला नाही. समाजमंदिराची चावी हेमांगीताईकडेच आहे, पोरं पुढच्या शनिवारी येणार आहेत, आणि मला कुणीही मारलं नाही. मारायला तीन जणी आल्या होत्या, पण ते राहून गेलं.

आता वर्ग कसला, ते सांगतो. हेमांगीताई म्हणजे मुंबईत एका जपानी हॉटेलच्या किचनात सात वर्षं काढलेली बाई. तिथून बाहेर पडून ती एका संस्थेतर्फे इथे बांधवाडीत दर शनिवारी पोरांना सुशी करायला शिकवते. सुशी म्हणजे जपानी लोकांचा गार, आंबट भात. (तोंड वाकडं करू नकोस, दहीभातही गार आणि आंबटच असतो.) भातात व्हिनेगर घालायचं आणि त्याचे लहान गोळे वळून वर काहीतरी ठेवायचं, नाहीतर समुद्रातल्या शेवाळाच्या काळ्या कागदात काकडी-गाजर घालून गुंडाळायचं आणि कापायचं. जपानात कच्चा मासा घालतात. आमच्याकडे कच्चं काही चालत नाही, त्याबाबतीत ताई तुझ्याएवढीच कडक आहे. तांदूळ मात्र आपलाच, जाडा. ज्या चिकट भातासाठी तू मला ओरडायचीस, तसा भात इथे मुद्दाम करावा लागतो. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

तू म्हणशील, गरिबांच्या पोरांना जपानी जेवण कशाला? मीही हेच विचारलं होतं. ताई म्हणाली, पोषण आहाराचं भाषण आहे असं सांग, किती येतात बघ. मग सांग सुशी आहे. मी दोन्ही सांगून पाहिलं. पहिल्याला चार आली, आणि त्यातली दोन वाट चुकून. दुसऱ्याला चाळीस. इथली आईबापं मिठागरात, वीटभट्टीवर, नाहीतर न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात असतात. पोरं दिवसभर एकटी आणि पाचपाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांवर जगतात. सुशीच्या निमित्ताने ती हात धुतात, भाजी ओळखतात, पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचतात. आणि शनिवारी दुपारी पोटभर जेवतात, ही त्यातली खरी गोष्ट. प्राप्ती म्हणून चौथीतली एक मुलगी आहे, तिने तर दत्तात्रेय दुकानदाराला तारीख उलटून गेलेली सहा पाकिटं परत केली आणि वर ‘काका, तुम्ही पन खाऊ नका, पोट बिगडंल’ असं सांगितलं. तेव्हापासून दत्तात्रेय आमच्याकडे बघून हसत नाही. त्याचं दुकान समाजमंदिराच्या समोर आहे, हे लक्षात ठेव.

समाजमंदिर महिला मंडळाचं, आणि महिला मंडळ म्हणजे मनुबाई. बाकीच्या बायका नावापुरत्या. चाळीस वर्षं मिठागरात फावडं ओढलेली बाई, उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज जेट्टीवरच्या भोंग्याइतका. तिने ताईला चावी दिली ती एका अटीवर: एक जरी वेडंवाकडं झालं तर चावी परत. वाडीत दुसरी जागा नाही. म्हणजे चावी गेली की वर्ग गेला, शनिवारचं जेवण गेलं, आणि माझं काम (तांदूळ धुणे, पोरं मोजणे, पळालेली पोरं धरून आणून पुन्हा मोजणे) तेही गेलं.

तर परवा शुक्रवारी ताईने मला उरणच्या बाजारात पाठवलं. काकडी, गाजर, पांढरे तीळ आणि शेवाळाच्या कागदाचं कुरियर, एवढंच आणायचं. मी वेळेत निघालो होतो, हे तू लिहून ठेव. पण वाटेत एक चाळीस फुटी ट्रेलर वळणावर अडकला होता. मावशी, अडकलेला ट्रेलर बघितल्याशिवाय पुढे जाणारा माणूस मला अजून भेटायचाय. ड्रायव्हर म्हणत होता मागे घेतो, मागचा म्हणत होता माझ्या अंगावर घेशील, एक रिक्षावाला दोघांनाही शिकवत होता आणि त्याची स्वतःची रिक्षा नाल्यात तिरकी झालेली. थोडं मीही शिकवलं. तास-सव्वा तास गेला. बाजारात पोचलो तर काकडी संपलेली, उरलेली पिवळी पडलेली, गाजर नाहीच, कुरियरवाला शटर ओढून गेलेला. तिळाचा डबा मात्र दुकानात अगदी पुढे, काळ्या तिळांचा ढीग. पांढरे विचारले तर दुकानदार म्हणाला, आता ह्या पंधरवड्यात हेच जातात. (माणसाने तिथेच विचार करायला हवा होता की का जातात. मी म्हटलं, चला, स्वस्त असतील.) रिकाम्या हाताने कसं परतायचं, म्हणून शेजारच्या कोळणीकडून छान वाळलेली जवळ्याची सुकट घेतली. तव्यावर भाजून, लसूण-मिरची घालून भातावर ठेवली की कुठल्या जपान्याच्या बापाला कळतंय, असा माझा हिशेब.

काल सकाळी ताईचा फोन आला: पनवेलच्या पुढे गाडी बंद पडलीय, तू फक्त तांदूळ धुऊन ठेव आणि माझी वाट बघ. शनिवारी कुलूप मीच उघडतो, म्हणून चावी माझ्याकडे होती. मी तांदूळ धुतले. वाट बघितली. पण चाळीस पोरं वाट बघायला लागली की ती वाट फार वेळ वाट राहत नाही. दोघं खिडकीतून बाहेर गेली, एकाने माइक चालू करून त्यात आपल्या बहिणीची गुपितं सांगितली. म्हटलं, ताई येईपर्यंत भात तरी शिजवू. शिजला. मग म्हटलं, गार करू. झाला. मग म्हटलं, कागद नसला तरी गोळे तर वळता येतील.

आता मी एकेक गोष्ट केली ती का केली, ते सांगतो. प्रत्येक गोष्ट वेगळी घेतलीस तर तुलाही पटेल.

पोरांचे शर्ट व्हिनेगरने खराब होतात आणि घरी जाऊन ती मार खातात, म्हणून मी मुलग्यांना शर्ट काढून टॉवेल खांद्यावर टाकायला लावले. आत पंखा बंद म्हणून सगळ्यांना बाहेर ओट्यावर रांगेत बसवलं. ओट्याचं तोंड दक्षिणेला आहे, तो मी बांधलेला नाही. ताटं कमी पडली म्हणून केळीची पानं फाडून दिली. भात हाताला चिकटू नये म्हणून तळहातावर पाणी घेऊन बोटांवरून सोडायचं, हे तर ताईनेच शिकवलंय. गोळे वळून झाल्यावर वर काळे तीळ. अर्ध्या गोळ्यांवर भाजलेली सुकट, कारण तीही तेवढीच पुरली. आणि ताईच्या मोबाइलमधल्या फोटोत प्रत्येक ताटात एक हिरवी पात खोचलेली असते ना, शोभेला, म्हणून मी ओट्यामागून गवती चहाची पाती तोडून प्रत्येक पानावर एकेक आडवी ठेवली.

मग मी चार पावलं मागे जाऊन बघितलं. छान दिसत होतं, मावशी! एका रांगेत, नीट, शांत. मला भरून आलं. फोटोही काढला.

दत्तात्रेयालाही दुकानातून तेच दिसत होतं, फक्त त्याला काय दिसतंय ते कळत होतं. पितृपक्ष चालू आहे हे वाडीत मला एकट्याला माहीत नव्हतं. मला वार कळतो, तिथी कळत नाही, आणि बाबा चांगले ठणठणीत, महिन्यातले वीस दिवस ट्रेलर घेऊन गुजरातेत, त्यामुळे मी आयुष्यात कधी श्राद्धाच्या पाटावर बसलेलो नाही. उघड्या अंगाची पोरं, दक्षिणेला तोंड, भाताचे गोळे, काळे तीळ, दर्भासारखी पात आणि ओंजळीतून सुटणारं पाणी! दत्तात्रेयाने दोन फोन केले. तेवढे पुरले.

आधी आरडाओरडा ऐकू आला, मग बायका दिसल्या. सगळ्यात पुढे मनुबाई, पदर कमरेला खोचलेला.

‘काय रं, कोन मेलं?’

मी म्हटलं, कोणी नाही, आजी.

‘मंग ह्यी पोरां कोनाला पानी सोडतान?’

मी म्हटलं, हाताला भात चिकटतो म्हणून. हे उत्तर खरं होतं, पण त्या क्षणी ते बरं वाटत नव्हतं, हे मलाही जाणवलं. मागची एक बाई आपल्या मुलाला बखोटीला धरून उठवत रडायलाच लागली की ह्याचा बाप काल रात्री ड्यूटीवरून घरी आला, चांगला जेवला, आणि ह्यो त्याचं पिंड वळतोय. दुसरी म्हणाली, तरी मी म्हनत व्हते, जपानचं कायतरी हाय म्हंजे बरं नसनार. मनुबाईने हात पुढे केला आणि म्हणाली, ‘जित्या बापाच्या पोरांना पिंडाला बसवलंस. चावी आन हिकडं. आजपासून बंद.’

प्राप्ती तेवढी उठली नाही. आपल्या पानावर दोन्ही हात आडवे धरून बसली होती आणि म्हणाली, ‘आजी, ह्ये पिंड न्हाय. जपानचा जेवान हाय. ह्याच्यान रंग न्हाय, पावडर न्हाय, तारीख पन आजची हाय. मी सोता केलाय. मी खानार.’ तिची आई यार्डात सफाईला जाते, शनिवारीही जाते, तिला उठवायला कुणी आलेलं नव्हतं. मनुबाई तिच्याकडे बघत राहिली, पण हात पुढेच. आणि मी खिशात चावी चाचपतोय, तेवढ्यात गेटातून ताई आली. व्हिनेगरचा नवा कॅन कमरेवर, केस विस्कटलेले. तिने रांग बघितली, तीळ बघितले, पात बघितली, आणि मला एवढंच म्हणाली, ‘निकेत, तुला फक्त तांदूळ धुवायला सांगितले होते.’ मावशी, तू ओरडतेस ते परवडतं. ती ओरडलीच नाही.

मी चावी काढली. काढून हातात धरली, आणि खरं सांगतो, मला माझ्या कामाचं काही वाटलं नाही (कामं काय, मी बरीच बघितलीत), पण त्या पोरांची पानं तशीच भरलेली होती आणि कुणी खायला सुरुवात केली नव्हती.

इथे मला तुला मनुबाईच्या घरातलं सांगायला हवं, जे मला नंतर बायकांकडून कळलं. तिचा नवरा काळूराम दोन वर्षांपूर्वी गेला. दरवर्षी त्याच्या तिथीला ती खीर, वडे, भोपळ्याची भाजी, गवार, सगळं साग्रसंगीत करते, पान वाढून कौलांवर ठेवते, आणि दोन्ही वर्षं कावळा शिवला नाही. पहिल्या वर्षी म्हणाली, असंल कायतरी. यंदाची तिथी मंगळवारी झाली. दुपारी चारपर्यंत बाई पानाखाली उभी होती, हात जोडून, ह्याचं राहिलं असेल त्याचं राहिलं असेल म्हणत सगळी वचनं देऊन झाली. धाकट्या मुलाचं लग्न लावीन म्हणाली, घर रंगवीन म्हणाली, त्याच्या भावाशी बोलेनसुद्धा म्हणाली. कावळे समोरच्या नारळावर बसून बघत होते. शेवटी पान गायीला घातलं. मंगळवारपासून ती कुणाशी धड बोलली नव्हती.

तर मी चावी पुढे केली, तिने घ्यायला हात उघडला, आणि दत्तात्रेयाच्या पत्र्यावरून एक कावळा खाली आला. दोघांच्या मधून गेला. प्राप्तीच्या पानाच्या कडेला उतरला, काळ्या तिळांचा एक गोळा चोचीने बाजूला सारला, दुसरा सारला, आणि तिसरा, सुकटीचा, असा नेमका उचलला आणि तिथेच बसून खाल्ला. उडाला नाही. खाऊन झाल्यावर प्राप्तीच्या हाताखाली मान घालून आणखी आहे का ते बघितलं. मग बाकीचे सात-आठ आले.

कुणी हललं नाही. बायका नाहीत, पोरं नाहीत. मनुबाई मात्र हळूच ओट्यावर टेकली. मला वाटलं चक्कर आली. ती कावळ्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, सगळं एकदम.

‘दोन वरसां मी खीर ठेवतंय,’ ती म्हणाली. ‘दोन वरसां! ह्या मेल्याला सुकट पायजे व्हती!’

मग सगळ्याच बायका एकदम बोलायला लागल्या. काळूरामला कशी रोज सुकट लागायची, मिठागरात डबा उघडला की वास बांधापर्यंत यायचा, लग्नातसुद्धा त्याने गोडाचं पान बाजूला केलं होतं. पण पितृपक्षात घरात मासळी शिजवायची नाही, म्हणून ती बिचारी दोन वर्षं गोडच वाढत राहिली. एका बाईला शंका होतीच, पोरांनी पिंड वळलं ते वळलंच ना? मनुबाई म्हणाली, ‘पोरांनी काय केलं न्हाय. काळूरामनं मांगून घेतलान.’ विषय संपला. तरी घरून मूठभर मीठ आणि सुक्या मिरच्या आणून तिने चाळीसच्या चाळीस पोरांची दृष्ट काढली, एकेकाची. माझीही काढली. माझी जरा जोरात काढली.

कावळे फिरलेला भात ताईने सगळा टाकून दिला. (कावळ्यांना. तेही पंगतीला बसल्यासारखे रांगेत होते.) पातेल्यातला उरलेला भात होता, त्याची पोरांनी पुन्हा सुशी केली, शर्ट घालून, पूर्वेला तोंड करून, तिळांशिवाय. प्राप्तीने पहिला घास मनुबाईला दिला. तिने खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, ‘आंबट हाय, ठीक हाय. पन ह्याच्यान मीठ कुठं हाय?’ चाळीस वर्षं मीठ काढलेल्या बाईपुढे ताई काय बोलणार? चिमूटभर घातलं. मावशी, खरंच चव आली. चावी माझ्या हातातच होती, ती मी ताईला दिली, आणि मग मागे हौदापाशी जाऊन तोंडावर पाणी मारत दहा मिनिटं उभा राहिलो. ताईने येऊन तिच्या वडापावातला अर्धा दिला. अर्ध्यातला मोठा अर्धा दिला.

तर असं सगळं गोडीत मिटलं. काळजीचं काही राहिलेलं नाही. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मिक्सरला चापट.

तुझा आज्ञाधारक भाचा,
निकेत

ता.क. काळजीचं काही राहिलेलं नाही असं वर लिहिलंय, त्यात एक बारीकशी गोष्ट राहिली. जाताना मनुबाई म्हणाली, ‘पोरां तुझ्या मांगं लागल्यान. उंद्या तू पलालास त रडतीन. तुझ्या घरचं कोन मोठं हाय, त्यांना शनवारी आन. ह्यो पोर ऱ्हातो, असं त्यांच्या तोंडानं सांगूंदे, मंग चावी कायमची.’ तोपर्यंत चावी फक्त शनिवारपर्यंतची आहे. बाबा गुजरातेत. आईला आणलं तर ती ह्या बायकांच्या बाजूने मला मारील. म्हणून मी तुझं नाव सांगितलं. सांगितलं म्हणजे, समाजमंदिराच्या फळ्यावर लिहून झालंय.

आणखी ता.क. माघी गणपतीच्या दिवशी मी तुझ्या खानावळीतून, पंगत बसलेली असताना, डाळीची बादली खाली ठेवून निघून गेलो, तो विषय मी पत्रात मुद्दाम काढला नाही. त्याच्या आधीच्या दोन वेळांचाही नाही. मनुबाईने विचारलंच, तर खोटं बोल असं मी म्हणणार नाही. तिला खोटं लगेच कळतं.

शेवटचं ता.क. पालीहून पहाटेची पनवेल गाडी धर, पुढे उरणसाठी मी स्टँडवर उभा असेन. आलीस की आधी मला काय बोलायचं ते बोलून घे, मी स्टँडवरच ऐकून घेईन, कितीही वेळ लागू दे. मग तिला एवढंच सांग की पोरगा राहतो. ह्या वेळी मला खरंच राहायचंय, मावशी. पण मी हे म्हटलं की समोरचा माणूस हसतो. तू म्हटलंस तर हसणार नाही.